फावडं ज्याच्या दारी

विका, १४ सप्टेंबर १९५८

सीव्हर,

अक्षर ओळखलंस ना? मग पाकीट चुलीत घालू नकोस, आधी वाच. भांडायला लिहिलेलं नाही.

तुझा अमेरिकेतला, डुलूथचा पत्ता मावशीच्या ओलीनने दिला. तुझी बोर्गहिल्ड दोन वर्षांपूर्वी गेल्याचं तिच्याकडूनच कळलं. वाईट वाटलं रे. बोर्गहिल्ड म्हटलं की मला ती लाल शाल डोक्यावरून घेऊन बर्फावरच्या घसरगाडीत बसलेलीच दिसते. मांडीवर तिच्या आईसाठी घेतलेला सुपाचा डबा, तोंड आमच्या घराकडे. तीच का दिसते कोण जाणे. सांत्वनाचं लिहायला मला जमत नाही, तेव्हा ते माझ्या राग्नाने कळवलं असं समज. तिचे गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे.

आता कामाचं. आपली आगबोट 'आल्फहिल्ड' येत्या जूनमध्ये शंभर वर्षांची होते. हो, आहे अजून. चालतेसुद्धा. दोन्ही बाजूंची चाकं पाणी उडवत तळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात, भोंगा तसाच बेसूर आहे. पण आता दुधाच्या बरण्या ट्रकने जातात, वासरं ट्रकने जातात, नवरी मोटारीतून येते. आगबोटीत बसतात ते उन्हाळी पाहुणे. वॉफल खातात आणि कठड्याला रेलून इंजिन बघत राहतात. कंपनी म्हणते, कापून भंगारात घालू. म्हणून गावाने तिला वाचवायला मंडळ काढलंय. जूनमध्ये जिल्ह्याची माणसं येतील आणि ठेवायची की कापायची ते ठरवतील. त्यांना दाखवायला मंडळ तिच्या इतिहासाची पुस्तिका छापतंय. योरुंड टाइगन नावाचा शाळामास्तर ती लिहितो. माणूस चांगला आहे, फक्त त्याला सगळंच आधीपासून ठाऊक असतं.

तू जूनमध्ये ये. गेल्या वर्षी मी निवृत्त झालो, पण इंजिनाच्या खोलीत मला कोण अडवतोय? तीस वर्षं सांभाळलं तिला. तरी अजून मध्येच अडते. चाकं नेमकी त्या 'मेल्या जागी', दट्ट्याची दांडी सरळ रेषेत येते तिथे थांबली, की वाफ ढकलून ढकलून दमते आणि ही ढिम्म हलत नाही. मी पहार लावतो. तू नुसता तळवा टेकवायचास, कान द्यायचास, वाफ थोडी इकडे थोडी तिकडे सोडायचास, की निघाली बाई. तीस वर्षांत मला ते जमलं नाही. हे मी कुणापाशी बोललेलो नाही, तुलाच सांगतोय.

जुन्या गोष्टी आता इथे कुणी काढत नाही. ये.

तुझा भाऊ,
एम्ब्रेट


विका, २ नोव्हेंबर १९५८

सीव्हर,

पाकीट परत आलं. न उघडता. वर तुझ्या हातचा एकच शब्द, 'परत'. अक्षर अजून तसंच डावीकडे कललेलं. बत्तीस वर्षांत तुझ्याकडून आलेला हा पहिला शब्द.

पोस्टातल्या गुनव्होरने ते पाकीट सगळ्यांसमोर उंच धरलं. ही गुनव्होर तुझ्या वेळी नव्हती. बाई प्रामाणिक आहे, बंद पाकिटाला कधी हात लावणार नाही, पण कार्ड आलं की अथपासून इतिपर्यंत वाचते आणि मगच पोचवते. कुणाच्या पाहुण्याला कुठे मूळव्याध झालीय हे गावाला त्या पाहुण्याआधी कळतं. म्हणाली, "एम्ब्रेट, तुझं पत्र अमेरिका बघून आलं हो! कसं काय आहे म्हणतं तिकडे?" लोक हसले. मीही हसलो. करतो काय?

तेच पाकीट या पाकिटात घालतोय. उघडशील तर दोन्ही वाचशील.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहिली नाही. पुस्तिकेचा कच्चा मजकूर मास्तरने मला वाचायला दिलाय. एकतिसाव्या पानावर असं आहे: 'जानेवारी १९२७ मध्ये इंजिनचालक सीव्हर बाक्केरूड यांच्या अक्षम्य हलगर्जीपणामुळे आगबोट धक्क्यालाच बुडाली. त्यांचे थोरले बंधू एम्ब्रेट बाक्केरूड यांनी तिला पुन्हा उभी केली व तीस वर्षे प्राणापलीकडे जपली.' शेजारी माझा फोटो, टोपी घातलेला.

बर्फाच्या पाळीची चाल शहरातल्या लोकांना कळावी, म्हणून मास्तरने ती माझ्याकडून लिहून घेतली. मी लिहून दिलं ते असं:

'हिवाळ्यात आगबोट धक्क्याला बांधतात. ती बसकी आहे, काठ पाण्याच्या वर हातभरच. डेकवर बर्फ साठलं की ती कलते, मग चाकामागच्या शौचकुपाचा नळ पाण्याखाली जातो आणि तिथून पाणी आत शिरतं. म्हणून धक्क्यावरच्या एकोणीस घरांची पाळी असते. एक रुंद लाकडी फावडं आहे. ज्याच्या दाराला ते टेकलेलं, त्याने उजाडल्यावर जाऊन बर्फ काढायचं आणि फावडं पुढच्या दाराला टेकवायचं. दार वाजवायचं नाही, हाक मारायची नाही. गावात म्हण आहे: फावडं ज्याच्या दारी, बोट त्याच्या शिरी.'

मास्तर म्हणाला, "वा! किती सुंदर चाल आहे." मी म्हटलं, "सुंदर कसली, हात फुटतात."

ते एकतिसावं पान काही मनातून जात नाही. मी बघतो काय करता येतं ते. मास्तरला म्हणेन की 'अक्षम्य' तरी काढ.

एम्ब्रेट


विका, २८ डिसेंबर १९५८

सीव्हर,

पुन्हा 'परत'. नाताळच्या आदल्या दिवशी आलं. आता तीन पत्रं एका पाकिटात. गुनव्होरने तराजूवर ठेवून विचारलं, "यात काय, भेट आहे का?" म्हटलं, "हो, तशीच."

तू वाचणार नाहीसच, तेव्हा आता लिहायला माझं काय जातं? लिहितो.

१५ जानेवारी, शनिवार. दुपारी मी लाकडं फोडून आलो तर फावडं माझ्या दाराला टेकलेलं. पाळी माझी होती सीव्हर. तुझी नव्हती.

आठ दिवसांपूर्वीच कंपनीने तुला इंजिनचालक केलं होतं. मी पाच वर्षांनी थोरला, तुझ्या दुप्पट कोळसा मी ओढलेला, आणि टोपी तुझ्या डोक्यावर. म्हातारा इंजिनवाला सगळ्यांदेखत म्हणाला होता, "एम्ब्रेटचे हात चांगले आहेत, पण सीव्हरला कान आहे." लोक माझ्याकडे बघून गालात हसले होते. आठ दिवस मी जळत होतो. फावडं बघितलं आणि डोकं फिरलं. म्हटलं, कान आहे ना? मग काढ बर्फ कानाने. उचललं आणि तुझ्या दाराला टेकवून आलो. पुढचं घर तुझंच होतं, तेव्हा कुणाला काही वावगं दिसायचा प्रश्न नव्हता.

तुम्ही दोघं तळ्यापलीकडे सासूबाईंच्या आजारपणाला गेला आहात, हे मला काय ठाऊक? मला वाटलं, घरात आहात. दार वाजवायचं नाही ही चालच आहे.

मग ते ओलं, जड बर्फ. शनिवार संध्याकाळ, रविवार अख्खा दिवस. रविवारी मी खिडकीतून दोनदा बघितलं. बोट जराशी कललेली वाटली. म्हटलं, आता जाईल सीव्हर. सोमवारी सकाळी धक्क्यावर आलो तर फक्त धुराडं वर, आणि त्याच्या टोकावर एक कावळा.

फावडं तुझ्या दाराशी कमरेएवढ्या बर्फाखाली सापडलं. कप्तानाने नोंदवही माझ्यासमोर ठेवली, कारण त्या दिवशी इंजिनाकडचा मीच होतो. मी लिहिलं: 'फावडे सीव्हर बाक्केरूडच्या दाराशी उभे होते.' एवढंच लिहिलं. त्यात एक शब्द खोटा नव्हता. बत्तीस वर्षं मी याच्यावरच जगलो, की त्यात एक शब्द खोटा नव्हता.

तू परत आलास तेव्हा गावाने तुला काही विचारलंच नाही. म्हणालास, "मी गेलो तेव्हा फावडं दाराशी नव्हतं." कॉफीला बसलं की तुझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहायची. एप्रिलमध्ये तू गेलास. मे महिन्यात आम्ही रिकामी पिंपं बांधून आणि बारा घोडे लावून तिला वर काढली. जूनमध्ये टोपी माझ्या डोक्यावर. करून सवरून नामानिराळा म्हणतात ना, तो मी.

हे वाचलं असतंस तर बरं झालं असतं.

एम्ब्रेट


विका, १५ फेब्रुवारी १९५९

सीव्हर,

तिसरं पाकीट अजून फिरतंय, पण तोवर थांबवत नाही.

मंगळवारी मंडळाची बैठक होती, शाळेत. मास्तर, कप्तान श्योली आणि आणखी सहा जण. पोरांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो. मास्तर म्हणाला, दहा मार्चला मजकूर छापखान्यात जाणार, कुणाला काही सुचवायचं असेल तर आत्ताच. मी उभा राहिलो आणि सांगून टाकलं. शनिवारी फावडं माझ्या दाराशी होतं, सीव्हरच्या दाराशी मी नेऊन ठेवलं, मला वाटलं तो घरात आहे. एकतिसावं पान बदला.

मग मास्तर उठला आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "एम्ब्रेट, भावासाठी जीव तुटतो, आम्हाला समजत नाही का? पण इतिहास म्हणजे पुरावा. नोंदवही मी स्वतः पाहिलीय. अक्षर तुमचंच आहे."

"मीच लिहिलं म्हणून तर सांगतोय, की अर्धंच लिहिलं!"

"त्या वेळी लिहिलेलं खरं धरायचं की बत्तीस वर्षांनी आठवलेलं? अभ्यासाची पद्धत असते हो."

मी म्हटलं, "मास्तर, माझ्या दाराशी काय होतं ते तुमच्या अभ्यासाला विचारू की मला?"

श्योली म्हातारा मागच्या बाकावरून बोलला. तो तुझ्या वेळी तिकिटं फाडायचा, आता कप्तान होऊन निवृत्त झालाय आणि ऐकू कमी येतं. "अरे, कुणी ठेवलं याला काय महत्त्व? दाराशी आलं म्हणजे आलं! तू ठेवलंस, नाहीतर आभाळातून पडलं. उचलायचं त्याने होतं."

"तो घरी नव्हता!"

"मग शेजाऱ्याला सांगून जायचं. बोट बांधलेली असताना घर रिकामं सोडतं का कुणी?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. गाव तसंच आहे बघ. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, आणि आता चोर दारात उभा राहून मीच तो म्हणतोय, तर म्हणतात बस बाबा, कॉफी घे.

बैठक संपल्यावर मास्तरने मला दाराशी गाठलं आणि हळू आवाजात खरं काय ते सांगितलं. "समजा, तुम्ही म्हणता तसं असेल. जूनमध्ये जिल्ह्याची माणसं येणार. त्यांना आम्ही काय दाखवणार? जुनी लाकडं आणि गंज. ते बघायला येणार तुम्हाला, तीस वर्षं एका आगबोटीला जपलेल्या माणसाला. तुम्हीच तिला बुडवलीत असं छापलं, तर ते हसून परत जातील आणि ती कापली जाईल. तुमची इच्छा आहे का ती कापली जावी?"

तूच सांग, काय बोलायचं होतं? ती माझी आहे रे. तिच्या प्रत्येक नटाला माझा हात लागलाय. तिला कापताना बघण्यापेक्षा मेलेलं बरं. आणि ती वाचायची तर तुझ्या बदनामीवर उभी राहून वाचायची. मी टोपी घातली आणि घरी आलो.

राग्ना बटाटे सोलत होती. तिला सांगितलं. बत्तीस वर्षांत तिलासुद्धा सांगितलेलं नव्हतं. मान वर न करता म्हणाली, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"मी खिडकीत होते त्या दिवशी. तू फावडं घेऊन गेलास, रिकाम्या हाताने आलास, आणि दोन वेळा सूप मागून घेतलंस."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले. आधी दिवस मोजले, मग वर्षं. मग मोजायचं सोडलं."

मी खुर्चीत बसलो. तिने आणखी एक बटाटा सोलला. मग म्हणाली, "मंडळात काय सांगितलंस? सीव्हर घरात आहे असं वाटलं म्हणून?"

"हो."

"आणि बोर्गहिल्डची लाल शाल? पहिल्या पत्रात लिहिलीस ती, मी वाचलंय. ती कुठे बघितलीस मग? शाल तिला आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळी मी दिली होती. त्याच दुपारी ती घसरगाडीतून गेली."

तिने पुन्हा विचारलं नाही. बटाटे उकळत ठेवले.

एम्ब्रेट


विका, १ मार्च १९५९

सीव्हर,

हे पत्र मी टाकणार नाही. कार्डावर काय मावेल ते ठरवायला लिहून बघतोय.

तिसरं पाकीट बुधवारी परत आलं. चौथं येईलच मागोमाग. गुनव्होरला दया आली. "पाकिटांचं काय घेऊन बसलास एम्ब्रेट? तो उघडतच नाही ना? मग कार्ड टाक. कार्डात उघडायचं काय असतं? हातात घेतलं की नजर पडतेच." मग हसून म्हणाली, "पण मी वाचणार हं. नंतर म्हणू नकोस, सांगितलं नाही."

सहज बोलली ती. मी घरी येईपर्यंत रस्ताभर तेच घोळवत आलो.

मंडळाने 'आल्फहिल्ड'ची कार्डं छापलीत, पोस्टातच विकायला ठेवलीत. उजव्या चाकाच्या बाजूने घेतलेला फोटो आहे, धूर सरळ वर गेलेला. एक घेऊन आलो. मागे लिहायला जागा किती, तर तीन बोटं. इतक्या वर्षांचं तीन बोटांत कसं बसवू?

आज सकाळी बर्फ पडलं. फावडं हाउगेनच्या दाराला टेकलेलं दिसलं. हाउगेन मंडळी ऑक्टोबरमध्येच शहरात राहायला गेलीत, आता एकोणिसांपैकी नऊ घरं उरली. घर रिकामं आहे हे साऱ्या धक्क्याला ठाऊक, तरी शेजाऱ्याने चालीप्रमाणे फावडं तिथेच टेकवलं, दार न वाजवता, आणि गेला कॉफी प्यायला. मी उचललं. सगळा डेक एकट्याने झाडला. दोन तास लागले, अजून पाठ सरळ होत नाही. चाकं झाकणाऱ्या पेटाऱ्यावरचं बर्फ काढताना खाली बघितलं, शौचकुपाचा नळ पाण्यापासून चार बोटं वर होता. चार बोटं फक्त. त्या रविवारीही एवढाच असेल, मी खिडकीतून बघत होतो तेव्हा.

खाली जाऊन इंजिनावर हात ठेवला. थंडगार. तू ठेवायचास तसा तळवा टेकवला आणि कान दिला. मला काही ऐकू आलं नाही.

बोटीचं काय होईल मला सांगता येत नाही. कार्ड उद्या पोस्टात पडलं की दुपारपर्यंत गावात, परवा मास्तरच्या कानावर. तो काय करेल? पान बदलेल की माझं डोकं फिरलंय म्हणेल, देव जाणे. जिल्ह्याची माणसं हसतील की नाही, तेही तोच जाणे. राग्नाला विचारलं, "तिला कापली तर?" म्हणाली, "तर रडशील. मीही रडेन." मग म्हणाली, "आधी ते शालीचं लिही. बाकी काही नाही लिहिलंस तरी चालेल, पण ते लिही."

लिहून बघितलं. पाच वेळा फाडलं. दर वेळी मध्येच कुठेतरी 'पण' येतो. पण आठ दिवस जळत होतो, पण इतकं बर्फ पडेल असं वाटलं नव्हतं. कार्ड लहान आहे ते बरं आहे. 'पण'ला जागा नाही.

एम्ब्रेट


कार्ड. समोर 'आल्फहिल्ड'. मागे:

२ मार्च १९५९

सीव्हर, त्या शनिवारी पाळी माझी होती. फावडं मी तुझ्या दाराशी ठेवलं. शुक्रवारी घसरगाडी जाताना मी दारात उभा होतो. बोर्गहिल्डने लाल शालीतून हात काढून मला हलवला. तुमचं घर रिकामं आहे हे मला ठाऊक होतं. बोट मी बुडवली.
एम्ब्रेट

गुनव्होर, वाचलंस ना? आता शिक्का मार. आणि सांग सगळ्यांना.